सोमवारचं पातेलं

माझी सून शोळिंगनल्लूरला नोकरी करते. ती इथलीच, तमिळ घरातली. लग्नानंतर माझ्याकडून मराठी शिकली आणि आता माझ्याहून नीट बोलते. आठवड्यातून एकदा तरी ऑफिसातून निघताना तिचा फोन येतो, की आई, पटकन होईल, पोरं कुरकुर न करता खातील आणि अंगाला लागेल असं काय करू? परवा मी तिला कोलंबीभात सांगितला. कोलंबी सोलून मधला काळा दोरा काढ, हळद-मीठ-चिंचेचा कोळ लावून ठेव, डोकी फेकू नकोस, ती उकळून त्यांचं पाणी गाळून घे. तेलात ठेचलेला लसूण, कांदा, ओल्या खोबऱ्याचं वाटण, शेवग्याच्या शेंगांचे तुकडे, मग कोलंबी, तांदूळ आणि ते पाणी. झाकण ठेवलं की संपलं. एका पातेल्यात सगळं घर जेवतं. ती म्हणाली, तुमच्या वरच्या फळीवरचं ते जुनं पितळी पातेलं नेऊ का, त्यात छान होईल. ते नको, असं मी फारच तुटकपणे म्हणाले. मग मीच सारवासारव केली की त्याची कल्हई गेलीय, पोटात जायला नको. कल्हई खरोखरच गेली आहे, पण ते कारण नव्हे. या पातेल्याबद्दल मी आजवर खरं कारण कुणालाच सांगितलेलं नाही. सांगायचं होतं त्या दोघीही आता नाहीत, म्हणून इथे लिहिते आहे.

आम्ही तांबरमच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये राहायचो. दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर, त्याच्या मागे दगडी धुण्याचा कट्टा आणि एक शेवग्याचं झाड. बाबा रेल्वेच्या कचेरीत कारकून. बदली झाली तेव्हा दोन वर्षांसाठी म्हणून आले आणि इथलेच झाले. दिवसभर लोकलच्या शिट्ट्या, वरून विमानदलाच्या शिकाऊ विमानांची घरघर, आणि पहाटे शेजारणींनी अंगणात सडा टाकून कोलम काढायला सुरुवात केली की बादल्यांचे आवाज. माझा धाकटा भाऊ बंडू आणि मी शाळेत तमिळ शिकलो, गल्लीत तमिळमध्ये भांडलो आणि लवकरच तमिळमध्येच स्वप्नं पाहू लागलो. आई मात्र कोरडीच राहिली. मालवणकडच्या खाडीकाठच्या गावातून उठून ती थेट इथे आलेली. बाजारात बोटं दाखवून भाजी घ्यायची, आणि मीनवाली ‘इराल, इराल’ म्हणून ओरडली की तेवढा एक कोलंबीचा शब्द ओळखून धावत जायची. बाबा कचेरीत, आम्ही शाळेत, आणि दिवसभर ती त्या दोन खोल्यांत एकटी. तिच्याशी बोलायला कुणी नाही याची मला तेव्हा खंतही वाटत नव्हती. आई बोलत नाही म्हणजे तिला बोलायचं नाही, अशी मुलांची समजूत असते.

मग अक्का आल्या. त्यांचा मुलगा बाबांच्याच कचेरीत लागला आणि दोन घरं सोडून त्यांना क्वार्टर मिळालं. अक्का तंजावरकडच्या मराठी. त्यांच्या घराण्यातल्या कुणी कित्येक पिढ्यांत महाराष्ट्र पाहिला नव्हता, पण घरात मराठीच बोलायची, तीही अशी की बंडू तोंडावर हात ठेवून हसायचा. पन्नाशीच्या विधवा बाई, मऊ सुती लुगडं, कपाळावर अंगाऱ्याचं बोट. धुण्याच्या कट्ट्यावर आईला बंडूवर मराठीत ओरडताना त्यांनी ऐकलं आणि हातातला पिळा तसाच बादलीत टाकून त्या कुंपणापाशी आल्या. ‘कोण्या ऊरच्या हो तुम्ही?’ असं त्यांनी विचारलं. ऊर म्हणजे गाव हे आईला ठाऊक नव्हतं, पण वाक्याचा बाकीचा भाग तिला कळला, आणि ती तिथेच पदर डोळ्यांना लावून रडू लागली. मला फार लाज वाटली होती. मला त्या वयात आईची लाज वाटायला काहीही पुरायचं.

अक्का कर्मठ, आणि आम्ही आठवड्यातले चार दिवस मासळी खाणारे. मराठी बोलणारे सगळे आपल्यासारखेच असतील असं त्यांना पहिल्यांदा वाटलं होतं. आईने पहिल्याच आठवड्यात त्यांना सगळं खरं सांगून टाकलं, कारण लपवाछपवी तिला जमतच नसे. अक्का आठ दिवस आल्या नाहीत. नवव्या दिवशी आल्या, उंबऱ्यावर बसल्या आणि म्हणाल्या की बोलण्यास काय हरकत आहे. वर्षभर त्यांनी आमच्याकडे पाणीसुद्धा घेतलं नाही. पुढे ताक घेऊ लागल्या. आणि आईने काय केलं, तर स्वयंपाकघराच्या मधोमध जणू रेघ ओढली. डाव्या बाजूला मासळीची काळी मातीची चट्टी आणि करवंटीचा डाव. उजव्या बाजूच्या वरच्या फळीवर एक कल्हईचं पितळी पातेलं आणि एक पितळी डाव, जुन्या धुवट लुगड्याच्या फडक्यात बांधून ठेवलेले. त्यांना मासळीचा वासही लागू द्यायचा नाही. ते राखेने वेगळे घासायचे, वेगळे वाळवायचे. बाबा त्यावरून तिची थट्टा करायचे, की हिच्या घरात दोन संसार आहेत. हे आईने अक्कांना कधी बोलून दाखवलं नाही. अक्कांनी स्वतःच एका दुपारी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून ती फळी पाहिली, बराच वेळ पाहिली, आणि पुढच्या सोमवारी पाटावर बसल्या. आमच्याकडे सोमवारी मासळी नसायची, म्हणून सोमवार.

त्यानंतर कितीतरी वर्षं दर सोमवारी दुपारी अक्का आमच्याकडे जेवल्या. येताना स्टीलच्या डब्यात डांगर पच्चडी आणायच्या, उडदाचं पीठ ताकात कालवून वर मोहरीची फोडणी दिलेली. आई शेवग्याच्या शेंगांची आमटी करायची, भात, तूप, एखादी भाजी. केळीच्या पानावर दोघी समोरासमोर जेवायच्या आणि ते जेवण दोन-दोन तास चालायचं. काय बोलायच्या देव जाणे. दोघींचं निम्मं बोलणं एकमेकींना कळत नसावं. पण शाळेला सुट्टी असली की आतल्या खोलीतून मला आईचं हसणं ऐकू यायचं, आणि ते इतर दिवशी ऐकू येत नसे. अक्कांच्या भावजयीने त्यांना यावरून बरंच सुनावलं होतं म्हणे. त्यावर अक्का आईला म्हणाल्या होत्या, ‘तुमचे हातचें मी डोळे मिटून जेवीन.’ आई हे वाक्य येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. पोस्टमनलाही एकदा सांगितलं, त्याला मराठी येत नव्हतं तरी.

मी कॉलेजात गेले आणि मला शिंगं फुटली. लोकलने जायचं, मैत्रिणींबरोबर टी. नगरला कापडाच्या दुकानांतून हिंडायचं, आणि वक्तृत्व स्पर्धेत भाग घ्यायचा. पंक्तिभेदावर मी इंग्रजीत एक भाषण ठोकलं आणि बक्षीस आणलं. ते भाषण मी घरी आईला उभं राहून म्हणून दाखवलं. तिला इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं, ती कौतुकाने पाहत होती. मी मध्येच त्या वरच्या फळीकडे हात केला आणि मराठीत म्हटलं की हे सगळं थोतांड आहे, तू स्वतःला कमी समजतेस म्हणून हे करतेस. आई म्हणाली, मी कमी नाही समजत गं, ती एकटी जेवते ना घरी. मला ते उत्तर फारच अडाणी वाटलं होतं. आज मला माझं भाषण एका ओळीनेही आठवत नाही आणि ते उत्तर शब्दन् शब्द आठवतं. माझं म्हणणं चूक होतं असं मी आजही म्हणणार नाही. पण ते म्हणायचं तर अक्कांच्या तोंडावर म्हणायला हवं होतं, आणि मी जे केलं त्याचा त्या भाषणाशी काही संबंध नव्हता.

मी सतरा वर्षांची असताना गावाहून पत्र आलं की आजी, म्हणजे आईची आई, फार आजारी आहे. आई निघाली. जाताना मला घर समजावून दिलं. बाबांना तिखट कमी, बंडू हाडकुळा म्हणून त्याला रविवारी कोलंबीभात कर, सोपा आहे, पौष्टिक आहे. आणि रिक्षात बसता बसता म्हणाली, ‘सोमवार चुकवू नकोस हं शैले. मी नाही म्हणून अक्काला एकटीला जेवायला लागू नये.’ मी हो हो म्हणून मान हलवली.

रविवारी बाबांनी बाजारातून ताजी कोलंबी आणली. मी ती पाऊण तास सोलत बसले, बंडूला जवळ फिरकू दिलं नाही. डोकी चट्टीत उकळली, पाणी गाळलं आणि ती गरमागरम चट्टी विसळायला थेट नळाखाली धरली. मातीचं भांडं गरम असताना गार पाण्याखाली धरू नये हे मला कुणी शिकवलं नव्हतं असं नाही, माझं लक्ष नव्हतं. तिचे दोन तुकडे झाले. गडबडीत करवंटीचा डावही जमिनीवर पडून त्याची दांडी निघाली. आईचा नियम होता की चट्टी फुटली तर नवीन येईपर्यंत मासळी बंद. पण कोलंबी सोललेली होती, वाटण वाटलेलं होतं, बाबा दोनदा येऊन वास घेऊन गेले होते. मी क्षणभर उभी राहिले असेन. मग स्टुलावर चढले आणि वरच्या फळीवरचं फडकं सोडलं. त्या वेळी मला माझं भाषण आठवलं, आणि सोयीचं वाटलं म्हणून आठवलं. मोठं काही बंड करते आहे अशा आविर्भावात मी त्या पितळी पातेल्यात कोलंबी परतली आणि पितळी डावाने ढवळली. भात अप्रतिम झाला. बाबा म्हणाले, आईच्या तोंडात मारेल असा केलास. बंडूने तीनदा घेतला. मी हवेत होते.

नंतर मी ते पातेलं आणि तो डाव राखेने घासले, पुन्हा साबणाने घासले, उन्हात ठेवले, वास घेऊन पाहिला आणि फडक्यात बांधून फळीवर ठेवून दिले. बंड केलेला माणूस असं करत नाही. दुसऱ्या दिवशी सोमवार. अक्कांना निरोप पाठवता आला असता की आज माझं कॉलेज आहे. ‘अक्का, पातेल्याला कोलंबी लागली, तुम्ही रागावू नका’ असं सरळ सांगताही आलं असतं. त्यांनी फार तर ताक घेतलं असतं. पण आई आल्यावर चट्टी फुटल्याचं आणि फळीला हात लावल्याचं तिला कळलं असतं, आणि माझ्या पहिल्या स्वयंपाकाचं कौतुक तिथेच संपलं असतं. इतकीच गोष्ट होती. मी त्याच पातेल्यात अक्कांसाठी शेवग्याच्या शेंगांची आमटी केली.

अक्का ठरल्या वेळी डबा घेऊन आल्या. आईच्या जागी मी बसले, पान मांडलं, वाढलं. आमटीभात कालवून त्यांनी दोन-चार घास घेतले. आईसारखीच झाली म्हणून म्हणाल्या, आणि मी लाजल्यासारखं केलं. मग त्यांचा हात थांबला. भातातून त्यांनी दोन बोटांनी काहीतरी हळूच ओढून काढलं. लांब, लालसर, केसासारखं. पितळी डावाची दांडी वाटीला जिथे खिळ्याने जोडलेली असते तिथे सोललेल्या कोलंबीला चिकटून आलेली एक मिशी अडकून राहिली होती, आणि आमटी ढवळताना सुटली होती. हे मला त्याच क्षणी कळलं. अक्कांनी ती मिशी उजेडात धरली. मीन मार्केटवरून रोज जाणाऱ्या बाईला ते काय आहे हे सांगावं लागत नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी डाव घेऊन म्हणाले, ‘अक्का, आणखी थोडी वाढू?’

‘पोदुम, पोरी,’ त्या म्हणाल्या. पुरे. ‘पोट भरलें.’

त्यांनी ती मिशी भाताखाली सारली आणि पान दुमडलं. इकडे जेवण आवडलं, घराशी संबंध राहावा असं असलं की पान आपल्याकडे दुमडतात, आणि मयताच्या घरी पलीकडे. अक्कांनी ते आपल्याकडे दुमडलं. इतर वेळी पान आई उचलायची. त्या दिवशी त्यांनी ते स्वतः उचललं, मागे जाऊन टाकलं, नळावर हात धुतले, चूळ भरली, पुन्हा भरली, किती वेळा भरली ते मी आतून मोजत नव्हते पण ऐकत होते. मग रिकामा डबा घेऊन गेल्या. दुपारभर त्यांच्या घरामागून अंगावर पाणी ओतल्याचा आवाज येत राहिला. मी कॉलेजला गेले नाही. कॉटवर पडून राहिले आणि देवाला म्हणाले की त्यांनी कुणाला सांगू नये. त्यांना काय वाटत असेल हे माझ्या मनात आलंच नाही.

मंगळवारी संध्याकाळी तार आली. आजी शनिवारीच गेली होती. आई तेरावं उरकून परतली तेव्हा नवी चट्टी आणि नवा डाव जागेवर होते, पातेलं फडक्यात होतं. मधल्या सोमवारी अक्का आल्या नव्हत्या, तरी मी सांगितलं की सोमवार चुकवला नाही. आईने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. पुढच्या सोमवारी तिने पान मांडलं आणि अक्का उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत. बाहेरूनच डबा दिला आणि म्हणाल्या की आपण परान्न सोडलं आहे, व्रत घेतलं आहे, आता कुणाच्याच घरी जेवायचं नाही. आई म्हणाली, ताक तरी घ्या. अक्का म्हणाल्या, पाणीही नाही. आईने ते मानलं. पण ती त्या दिवशी जेवली नाही.

मग आईने दिवस मोजले. शनिवारी तिची आई गेली, सोमवार तिसरा दिवस, लेकीला तीन दिवसांचं सुतक. म्हणजे आपल्या घराला सुतक असताना आपण अक्काला जेवू घातलं, नकळत का होईना, आणि तिला ते मागाहून कळल्यामुळे तिने आपल्याकडचं अन्न वर्ज्य केलं, असा तिने अर्थ लावला. तिला दुसरा अर्थ सुचणं शक्य नव्हतं, कारण फळीवर तिचा आणि अक्कांचा दोघींचाही विश्वास होता. एका दुपारी ती मला बरोबर घेऊन अक्कांकडे गेली. क्षमा मागायला. आपल्यापेक्षा फार मोठ्या माणसाकडे जावं तशी ती जमिनीवर बसली आणि म्हणाली की अक्का, माझ्यामुळे तुम्हाला सुतक घडलं, मी दूर होते, तार उशिरा आली, मला माफ करा. अक्कांनी तिचे दोन्ही हात धरले. म्हणाल्या, ‘तसें नव्हे हो. ऐकल्यावर सुतक. ऐकण्याआधीं कसलें सुतक?’ आणि मग माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. त्या वाट पाहत होत्या. आतल्या खोलीत त्यांच्या घड्याळाचा लंबक हलत होता आणि त्या माझ्याकडे पाहत होत्या, आणि एक वाक्य बोललं असतं तर सगळं संपलं असतं. मी पायाच्या अंगठ्याने फरशीवरची रेघ उकरत राहिले. शेवटी अक्काच आईला म्हणाल्या, ‘पोरीनें छान वाढलें मजला. तिजला कांही म्हणूं नका.’ आईला ते कौतुक वाटलं. परत येताना ती म्हणाली, किती मोठ्या मनाची बाई आहे, दोष आपला आणि वर तुझं कौतुक करते.

त्यानंतर अक्का येत राहिल्या, पण उंबऱ्यावर. आई आत, त्या बाहेर. उंबऱ्यावर बसून दोन तास गप्पा होत नाहीत. सोमवार पंधरा दिवसांनी होऊ लागला, मग महिन्याने. आईचं हसणं पुन्हा कमी झालं आणि मी अभ्यासाचं निमित्त करून घराबाहेर राहू लागले. तीन वर्षांनी अक्कांच्या मुलाची तिरुच्चीला बदली झाली. निघायच्या दिवशी आईने ते पातेलं नि तो डाव फडक्यात बांधून त्यांच्यापुढे ठेवले, की हे तुमचेच आहेत, दुसऱ्या कुणासाठी वापरले नाहीत. मी दारात उभी होते. अक्कांनी ते हातात घेतलं, आईच्या देखत छातीशी धरलं, आणि मग माझ्या हातात देऊन आईला म्हणाल्या, ‘हें पोरीला द्या, तिच्या लग्नांत. तिजला लागेल.’ माझ्या लग्नात आईने ते दिलं. त्यात मी आजवर काहीही शिजवलेलं नाही. अक्का पुढे तिरुच्चीलाच वारल्या. आम्हाला पोस्टकार्डाने कळलं आणि आईने अंघोळ केली.

आई शेवटची दोन वर्षं माझ्याकडे होती. तोवर तिला मोडकंतोडकं तमिळ येऊ लागलं होतं आणि ते बोलायला तिच्या वयाचं कुणी उरलं नव्हतं. जायच्या आधी महिनाभर ती जुनंच बोलायची. एका दुपारी मी तिला चमच्याने पेज भरवत होते आणि तिची नजर वरच्या फळीवर गेली. म्हणाली, ‘अक्काने आपल्याकडचं जेवण का सोडलं असेल गं? ती म्हणाली होती, सुतक नव्हतं म्हणून.’ घरात आम्ही दोघीच होतो. अक्का नव्हत्या, बाबा नव्हते, माझी साठी जवळ आली होती, मला कुणी ओरडणार नव्हतं. मी चमचा वाटीत ठेवला. म्हटलं, ‘त्या तोंडावर तसं म्हणाल्या असतील. सुतकामुळेच असेल.’

आईने मान हलवली. तिला ते पटलं. ‘हो, माझंच चुकलं ते,’ ती म्हणाली, आणि मग माझ्याकडे बघून, मला बरं वाटावं म्हणून म्हणाली, ‘तू बिचारी काय करणार. मीच तुला सांगून गेले होते, सोमवार चुकवू नकोस.’